बॅक्टेरिओफेज वापरून कृत्रिम सांध्यातलं इन्फेक्शन ओळखतात म्हणे, हे नक्की काय असतं?

रानवारा:
नमस्कार मंडळी, विषय जरा टेक्निकल आहे पण इथे लॅबवाले आणि डॉक्टर दोन्ही आहेत म्हणून टाकतेय. आईचा गुडघा बदललेला आहे, सुरुवातीला सगळं झकास होतं, पण आता बरेच दिवस तो दुखतोय, रात्रीसुद्धा ठणकतो आणि हात लावला तर दुसऱ्या गुडघ्यापेक्षा गरम लागतो. एक्सरेत इम्प्लांट किंचित सैल झाल्यासारखं दिसतंय, रक्तातलं सूज दाखवणारं सीआरपी वाढलेलं आहे (फार नाही, पण आहे). गुडघ्यातलं पाणी काढून कल्चरला (जंतू उगवतात का बघायला) दिलं तर रिपोर्ट आला 'नो ग्रोथ'. सर्जन म्हणतायत मला संशय इन्फेक्शनचाच आहे, पण जंतू हातात आल्याशिवाय पुढचं ठरवणं अवघड आहे.

मग नेटवर शोधत बसले तर कुठेतरी वाचलं की बॅक्टेरिओफेज वापरून असं लपलेलं इन्फेक्शन एका दिवसात ओळखता येतं. आता माझी समजूत अशी की फेज म्हणजे बॅक्टेरियाला मारणारे व्हायरस, मग मारायच्या ऐवजी शोधायला ते कसे काय वापरतात? आणि कल्चरमध्ये जे उगवलंच नाही ते फेजला कसं सापडणार? आणि ही टेस्ट खरंच करून मिळते की नुसतीच पेपरात आहे? सोप्या भाषेत सांगाल तर बरं होईल, माझं सायन्स दहावीपर्यंतचंच.

पेट्रीडिश:
रानवारा ताई, मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते म्हणून लिहितेय. जरा लांब होईल, चालवून घ्या.

आधी कल्चर निगेटिव्ह का येतं ते बघू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. कृत्रिम सांध्याच्या इन्फेक्शनमध्ये जंतू सांध्यातल्या पाण्यात मजेत पोहत नसतात, ते धातू आणि प्लास्टिकच्या पृष्ठभागाला चिकटून एक चिकट थर बनवतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थरात ते जवळजवळ झोपल्यासारखे असतात, वाढ अगदी मंद. त्यामुळे सुईने पाणी ओढलं तर त्यात मोजकेच येतात, कधी येतच नाहीत. त्यात पेशंटने आधी अँटिबायोटिक घेतलेलं असेल तर जे येतात तेही प्लेटवर उगवत नाहीत. शिवाय काही जंतू मुळातच आळशी, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा खांद्याच्या सांध्यात जास्त सापडणारा जंतू उगवायला १४ दिवसांपर्यंत वाट बघावी लागते आणि बऱ्याच ठिकाणी प्लेट पाच दिवसांत फेकून देतात. म्हणून 'नो ग्रोथ' चा अर्थ इन्फेक्शन नाही असा घेऊ नका, आमच्याकडे उगवलं नाही एवढाच घ्या.

आता फेज. फेज आपल्या ठरलेल्या बॅक्टेरियाच्या भिंतीवर विशिष्ट जागी चिकटतो (स्टॅफ म्हणजे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू, त्यांच्या बाबतीत ती जागा म्हणजे भिंतीतलं टेकोइक ॲसिड), आपला डीएनए आत सोडतो, आतली सगळी यंत्रणा ताब्यात घेऊन स्वतःच्या प्रती काढतो आणि शेवटी पेशी फोडून डझनांनी, कधी शेकड्यांनी नवे फेज बाहेर पडतात. हे सगळं साधारण तासाभराच्या आत उरकतं. बॅक्टेरियाला मात्र प्लेटवर डोळ्यांना दिसेल एवढी वसाहत करायला रात्रभर तरी लागते, मंद जंतूंना कितीतरी जास्त. झटपट निकालाचं गणित हे आहे, बॅक्टेरिया वाढण्याची वाट बघायचीच नाही, फेजचा परिणाम मोजायचा.

मोजायच्या दोन मुख्य पद्धती. पहिलीत पेशी फुटल्यावर आतलं एटीपी (पेशीचं ऊर्जेचं इंधन) बाहेर सांडतं, त्यात ल्युसिफेरिन आणि ल्युसिफरेज घातलं (काजव्याच्या पोटात असतं तेच) की उजेड पडतो आणि ल्युमिनोमीटर तो आकड्यात दाखवतो. एका नळीत नमुना आणि फेज, दुसरीत तोच नमुना फेजशिवाय. फेजवाल्या नळीचा आकडा ठळकपणे वर गेला तर तिथे त्या फेजला चालणारा जिवंत बॅक्टेरिया आहे. दुसऱ्या पद्धतीत नमुन्यात मोजून फेज घालायचे, ठरावीक वेळ थांबायचं आणि क्यूपीसीआरने (डीएनए किती आहे ते मोजणारी पद्धत) बघायचं की फेजचा डीएनए वाढला का. वाढला म्हणजे कुणीतरी त्याला प्रती काढून दिल्या, फेज एकटा स्वतःच्या बळावर काही वाढत नाही.

सांध्यासाठी हे स्लोव्हेनियातल्या व्हाल्डोल्ट्रा ऑर्थोपेडिक हॉस्पिटलच्या लोकांनी करून दाखवलंय. त्यांनी फेज के वापरला. हा स्टॅफवरचा जुना, प्रसिद्ध फेज, आणि त्याची खासियत अशी की तो फक्त ऑरियसवर थांबत नाही, एपिडर्मिडिससारख्या भावंडांनाही पकडतो. कृत्रिम सांध्याच्या इन्फेक्शनात स्टॅफ मंडळींचाच वाटा सगळ्यात मोठा असतो म्हणून निवड बरोबर होती. एका दिवसात निकाल, हे तुम्ही वाचलंत ते बहुधा याच कामाबद्दल.

ही कल्पना नवीन नाही बरं का. स्टॅफची ओळख एकेकाळी फेज टायपिंगनेच व्हायची, १९५० च्या दशकात हॉस्पिटलांमध्ये धुमाकूळ घालणारा ८०/८१ नावाचा स्टॅफ होता, ते नाव त्याला फोडणाऱ्या फेजच्या नंबरांवरूनच पडलं. अँथ्रॅक्सचा जंतू ओळखायला गॅमा फेज १९५५ पासून आहे. आणि १९९३ मध्ये टीबीच्या जंतूसाठी असा फेज बनवला गेला ज्याच्यात काजव्याचं ल्युसिफरेजचं जीन बसवलं होतं, फेज जिवंत जंतूत शिरला की जंतूच चमकायला लागतो, आणि औषध घातल्यावर चमक गेली तर औषध लागू पडतंय. मला तर ही आयडिया आजही भारी वाटते.

नुसतावाचक:
पण पीसीआर आहे की मग. सरळ नमुन्यातला बॅक्टेरियाचा डीएनए शोधा, फेजचा द्राविडी प्राणायाम कशाला?

पेट्रीडिश:
@नुसतावाचक पीसीआरला मेलेला आणि जिवंत यात फरक कळत नाही. अँटिबायोटिकने जंतू मेले तरी त्यांचा डीएनए काही काळ तिथेच पडून असतो, पीसीआर तो उचलतो आणि पॉझिटिव्ह म्हणतो. १६एस वाला, म्हणजे सगळ्याच बॅक्टेरियांना एकदम शोधणारा, ब्रॉड पीसीआर असेल तर अभिकर्मकातल्या, म्हणजे लॅबच्या रिएजंटमधल्या, किरकोळ डीएनएमुळेही गोंधळ होतो. फेजला मात्र चालू यंत्रणेची पेशी लागते, मेलेल्या पेशीत तो चिकटला तरी प्रती निघत नाहीत. उपचारांनंतर सांधा खरंच साफ झाला का हे विचारायचं असेल तेव्हा हा फरक मोठा आहे.

अर्थात त्याच गुणाची दुसरी बाजू अशी की बायोफिल्ममधले अर्धवट झोपलेले जंतू फेजलाही नीट दाद देत नाहीत. म्हणून नमुना आधी थोडा वेळ पोषक द्रवात ठेवून त्यांना जागं करावं लागतं. आणि नमुन्यात अँटिबायोटिक उरलेलं असेल तर ते इथेही आडवं येतंच.

हाडांचा_डॉक्टर:
चर्चा छान चाललीय, ऑर्थोच्या बाजूने थोडं. पेट्रीडिश यांनी लॅबचं बरोबर लिहिलंय पण रानवारा ताईंना जे उत्तर हवंय त्यात एक मोठी मेख आहे आणि ती कुणी बोललेलं नाही. ही फेजची कामं मुख्यतः कशावर झालीयत? सोनिकेशन केलेल्या द्रवावर. म्हणजे काय तर इम्प्लांट ऑपरेशन करून बाहेर काढायचं, निर्जंतुक डब्यात रिंगर सोल्युशनमध्ये बुडवायचं, हलवायचं, मग ४० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासाउंड बाथमध्ये मिनिटभर ठेवायचं. त्याने बायोफिल्म सुटून द्रवात येतो, द्रव गढूळ झाला नाही तरी त्यात जंतू असू शकतात, आणि तो द्रव कल्चरला किंवा फेज टेस्टला जातो. म्हणजे टेस्ट होईस्तोवर सांधा काढलेला असतो! ताईंचा प्रश्न आहे काढायचा का नाही हा, आणि या टेस्टचं उत्तर येतं काढल्यावर.

मग उपयोग काय, तर काढल्यानंतर कुठलं अँटिबायोटिक सुरू करायचं हे लवकर ठरवायला. कल्चर येईपर्यंत आम्ही अंदाजाने दोन-दोन औषधं चालू ठेवतो, संध्याकाळी कुणी सांगितलं की स्टॅफ आहे तर निदान दिशा मिळते. पण पूर्ण उत्तर त्यातूनही नाही, कारण फेज के ने उजेड पाडला तर कळतं एवढंच की स्टॅफ कुळातलं काहीतरी आहे. मेथिसिलिन चालतं का, रिफाम्पिसिन चालतं का, ते नाही कळत. रिफाम्पिसिन तर बायोफिल्ममधल्या स्टॅफवर आमचं मुख्य हत्यार, ते चालणार का हे माहीत असल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. त्याला शेवटी जंतू उगवूनच बघावा लागतो.

आणि टेस्ट निगेटिव्ह आली तर? तर स्टॅफ नसेल, किंवा त्या फेजला दाद न देणारा स्टॅफ असेल, किंवा एंटेरोकोकस, स्ट्रेप, ग्रॅम निगेटिव्ह, वर म्हटलेला क्युटिबॅक्टेरियम यातलं काहीही असेल. प्रत्येकासाठी वेगळा फेज लागणार. निगेटिव्हवर मी तरी कुणाला निर्धास्त घरी पाठवणार नाही.

नुसतावाचक:
डॉक्टर, मग हे मार्केटमध्ये कधी आलंच नाही का कुठल्याच रूपात?

पेट्रीडिश:
आलंय, पण सांध्यासाठी नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने कीपाथ नावाच्या टेस्टला परवानगी दिली होती, ब्लड कल्चरची बाटली पॉझिटिव्ह आली की त्यातून स्टॅफ ऑरियस आहे का आणि तो मेथिसिलिनला जुमानतो का हे पाचेक तासांत सांगायची. तिथेही तत्त्व हेच, फेज वाढले का बघायचं, आणि रेझिस्टन्ससाठी दुसऱ्या नळीत सेफॉक्सिटिन (मेथिसिलिनच्या जागी तपासायला वापरतात ते अँटिबायोटिक) घालायचं, औषध असूनही फेज वाढले तर जंतू औषधाला भीक घालत नाही. म्हणजे वर डॉक्टर म्हणतायत ती औषधाची अडचण सुटूच शकत नाही असं नाही. पण लक्षात घ्या तिथे बाटलीत जंतू आधीच करोडोंनी वाढलेले असायचे. सांध्यातल्या मूठभर, झोपलेल्या जंतूंवर तेच करणं म्हणजे फारच वेगळा खेळ.

एक गोष्ट अजून, एटीपीच्या पद्धतीत. सांध्यातल्या पाण्यात पेशंटच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी लाखोंनी असतात आणि त्यांच्यातही एटीपी असतंच, बॅक्टेरियाच्या पेशीपेक्षा एकेकीत कितीतरी जास्त. अशात बॅक्टेरियाचा सिग्नल वाचणं म्हणजे ढोलताशाच्या पथकात उभं राहून टाचणी पडल्याचा आवाज ऐकणं. म्हणून आधी माणसाच्या पेशी हळूच फोडून त्यांचं एटीपी एन्झाइमने खाऊन टाकावं लागतं, मग फेज. हे आटोक्यात येतं पण पायऱ्या वाढतात आणि जितक्या पायऱ्या तितकी बाहेरचा जंतू शिरायची भीती. सोनिकेशनच्या द्रवात पेशी त्यामानाने कमी असतात, म्हणून लोकांना तो द्रव सोयीचा वाटतो, डॉक्टरांनी सांगितलेली मेख इथूनच येते.

वळीव:
मी तर ऐकलंय फेजने असे सांधे बरेच करतात, जॉर्जियात वगैरे. मग डायग्नोसिस कशाला, थेट फेजच द्या ना टोचून. एका दगडात दोन पक्षी.

हाडांचा_डॉक्टर:
वळीव, थांबा थोडं. तिबिलिसीतली एलियावा इन्स्टिट्यूट १९२३ पासून फेजवर काम करतेय हे खरं, आणि फ्रान्समध्ये लिऑनला कृत्रिम सांध्यांसाठी फेज वापरल्याचे पेशंट प्रसिद्ध झालेत हेही खरं. पण ते सगळं आधी जंतू हातात असताना. फेज इतका चोखंदळ असतो की एकाच जातीतल्या एका स्ट्रेनला फोडतो आणि शेजारच्याकडे ढुंकून बघत नाही, म्हणून पेशंटचाच जंतू घेऊन कोणता फेज त्याच्यावर चालतो ते प्लेटवर आधी बघतात, बॅक्टेरियाच्या हिरवळीत स्वच्छ गोल भोकं पडली तर चालतो. ज्याचं कल्चरच निगेटिव्ह आहे त्याला कुठला फेज देणार? म्हणजे फिरून गाडी जंतू मिळवण्यापाशीच येते.

रानवारा:
बापरे, एवढं सगळं कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हा दोघांचे खूप आभार. म्हणजे मला समजलं ते असं की फेजची टेस्ट आईच्या कामाची सध्या तरी नाही, बरोबर? एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती, पाणी काढायच्या आधी दुसऱ्या एका डॉक्टरांनी सूज बघून अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्या चालू असतानाच पाणी काढलं गेलं. त्याने फरक पडला असेल का?

हाडांचा_डॉक्टर:
ताई, पडला असेल का काय, बहुतेक तेच झालंय! २००७ मध्ये सोनिकेशनवर एक मोठा अभ्यास आला होता, मेयो क्लिनिकचा. त्यात ऑपरेशनच्या आधीच्या १४ दिवसांत ज्यांनी अँटिबायोटिक घेतलं होतं त्यांच्यात नेहमीच्या टिश्यू कल्चरने फक्त ४५ टक्के इन्फेक्शन पकडली, सोनिकेशनने ७५ टक्के. सगळे पेशंट धरले तर टिश्यूचे ६०.८ आणि सोनिकेशनचे ७८.५. म्हणजे गोळ्यांनी कल्चरचं किती नुकसान होतं बघा, आणि तेही ऑपरेशन करून काढलेल्या तुकड्यांवर, तुमचं तर सुईतलं पाणी.

त्यामुळे फेज, पीसीआर वगैरे बाजूला ठेवा आणि तुमच्या सर्जनला विचारा की गोळ्या बंद करून किमान दोन आठवडे मोकळे ठेवून परत पाणी काढता येईल का. हा निर्णय त्यांचा, तुम्ही आपणहून गोळ्या बंद करू नका. आईंना ताप, थंडी वाजून अंग थरथरणं, गुडघ्यातून पू किंवा पाणी वाहणं असं काही असेल तर थांबायची वेळच नाही, लगेच दाखवा. गुडघ्यापर्यंत जाणारं भोक पडून त्यातून वाहत असेल तर कल्चर काहीही म्हणो, इन्फेक्शन धरूनच चालतात.

दुसरं, त्या पाण्याची नुसती कल्चरच केली का, का पेशी पण मोजल्या? २०२१ च्या युरोपियन निकषांमध्ये पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे ३००० च्या वर किंवा त्यात न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) ८० टक्क्यांच्या वर असतील तर इन्फेक्शन पक्कं धरतात, जंतू मिळो न मिळो. तेवढ्यावर निदान होऊ शकतं, औषध ठरवायला मात्र जंतू लागतो. तुम्ही वर जे दोन प्रश्न एकत्र मांडलेत ते असे वेगळे करून बघा, इन्फेक्शन आहे का हा एक आणि कुठल्या जंतूचं हा दुसरा.

पेट्रीडिश:
+१. आणि परत पाणी काढलं तर लॅबला आधी फोन करायला सांगा की कृत्रिम सांध्याचं आहे, प्लेट १४ दिवस ठेवा. थोडं पाणी तिथल्या तिथे ब्लड कल्चरच्या बाटल्यांमध्ये घातलं तर उगवायचे चान्स वाढतात. सर्जनना बाटल्या आधीच ऑपरेशन थिएटरमध्ये मागवून ठेवायला सांगा, कारण नंतर धावाधाव होते आणि पाणी सिरिंजमध्येच पडून राहतं, हे मी रोज बघते.

नुसतावाचक:
म्हणजे शेवटी फेजवाल्यांनी काय सुधारायला हवं? उत्सुकता म्हणून विचारतोय.

पेट्रीडिश:
मला विचाराल तर सुईने काढलेल्या थोड्याशा पाण्यावर टेस्ट चालायला हवी, ऑपरेशनच्या आधी. त्यासाठी बॅक्टेरिया आधी गोळा करावे लागतील. त्यावर एक वाट आहे, अख्खा फेज न वापरता त्याची शेपटीतली किंवा एंडोलायसिनमधली (जंतूची भिंत फोडणारं फेजचं एन्झाइम) फक्त चिकटणारी प्रोटीनं चुंबकीय मण्यांवर बसवायची, पाणी त्यातून फिरवायचं, चुंबकाने मणी ओढले की जंतू एका थेंबात गोळा. मग त्या थेंबावर जे करायचं ते करा, फेज, पीसीआर, कल्चर काहीही. माणसाच्या पेशी आणि उरलेलं अँटिबायोटिक बऱ्यापैकी धुवून निघतं हा बोनस. पण मण्यांवर मेलेले जंतूही चिकटतात हं, जिवंत-मेल्याचा फरक त्यानंतरच्या पायरीत करावा लागतो. आणि एका फेजऐवजी चार-पाच फेजचा संच हवा, नाहीतर डॉक्टर म्हणाले तसं निगेटिव्हला अर्थ राहत नाही.

रानवारा:
आत्ता जुना रिपोर्ट काढून बघितला. त्यात 'टर्बिड' लिहिलंय, खाली कल्चर नो ग्रोथ, बस. सेल काउंटच्या जागी 'सॅम्पल क्लॉटेड' असं आहे. म्हणजे मोजल्याच नाहीत ना?

हाडांचा_डॉक्टर:
नाही मोजल्या. पाणी गोठलं की पेशी त्या गाठीत अडकतात, मोजून उपयोग नसतो. पेशींसाठीचं पाणी ईडीटीएच्या (गोठू न देणारं रसायन) नळीत, जांभळ्या बुचाच्या, काढल्या काढल्या घालून दोन-चारदा उलटसुलट करायला सांगा. कल्चरचं वेगळं, ते ईडीटीएत नको. गढूळ होतं म्हणजे पेशी भरपूर असणार असा माझा अंदाज, पण तो अंदाजच, सर्जनना हा रिपोर्ट दाखवून 'सेल काउंट राहिलाय' एवढं स्पष्ट सांगा.

रानवारा:
हो, उद्याच अपॉइंटमेंट आहे. गोळ्यांच्या तारखाही लिहून नेते, कधी सुरू झाल्या कधी पाणी काढलं ते सगळं.